जुन्या इंजिनाची राखी कांती

आपल्याकडे धातूची चकाकी ही केवळ डोळ्यांची आवड नाही; घराच्या निर्मळपणाची ती साक्ष मानली गेली आहे. समई, घंगाळ, तांब्याचा हंडा ही चिंचेने घासून लखलखीत झाल्याखेरीज घरात सण आला असे वाटतच नाही. या शिस्तीस कारणही सबळ होते. कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवले की ते कळकते. तांब्यावरचा हिरवा थर पोटात गेला तर अपाय होतो. मळ म्हणजे धोका आणि चकाकी म्हणजे निर्धास्तपणा, हे समीकरण पिढ्यांच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. परंतु हेच समीकरण जेव्हा एखाद्या साठ वर्षांच्या मोटारसायकलीच्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनास लावले जाते, तेव्हा त्यातून हानी उद्भवते. धातू बदलला की न्यायही बदलावा लागतो, हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

तांबे आणि लोखंड हे मानवाचे हजारो वर्षांचे सोबती. अ‍ॅल्युमिनियम मात्र कालचे पोर. कोपनहेगनच्या अर्स्टेडने १८२५ साली तो प्रथम वेगळा काढला, १८२७ मध्ये व्होलरने ती कृती सुधारली, आणि १८५४ पासून देव्हिल या फ्रेंच रसायनज्ञाने तो व्यापारापुरता काढण्याचा मार्ग दाखविला. तरीही त्याचा मान चांदीच्या पंक्तीला बसण्याचा होता. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर सुमारे २.८ किलो वजनाचे अ‍ॅल्युमिनियमचे टोक बसविले गेले. त्यापूर्वी ते न्यूयॉर्कमध्ये टिफनी या जवाहिऱ्याच्या दुकानात लोकांस पाहण्यासाठी मांडले होते. पुढे दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांस ठाऊक नसता विजेच्या साह्याने हा धातू स्वस्तात काढण्याची एकच कृती शोधली. जवाहिऱ्याच्या काचेमागचा धातू मग स्वयंपाकघरात उतरला. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली त्याची भांडी घडविण्याचे काम सुरू केले; आणि आपल्याकडे 'जर्मनचे पातेले' या नावाने तो घरोघर नांदू लागला.

या पातेल्यानेच आपल्या गृहिणींस एक धडा दिला आहे. चिंचेचे पाणी उकळले की ते उजळते, पण धुण्याच्या सोड्याने घासले की काळवंडते. कारण असे, की उघड्या हवेत आल्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कवच चढते. लोखंडाचा गंज पापुद्रे धरून सुटतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. हे कवच मात्र धातूस घट्ट बिलगून राहते व पुढची झीज थांबविते. माणिक आणि नीलम ही रत्ने ज्या द्रव्याची, तेच हे द्रव्य. सौम्य आम्लापुढे ते पुष्कळ टिकते. तीव्र क्षारापुढे विरघळते आणि मिठापुढे ठिकठिकाणी भोके पडून हार खाते. या कवचाची थोरवी इंग्लंडमधील बेंगो आणि स्टुअर्ट यांनी ओळखली. १९२३ साली त्यांनी समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या भागांवर विजेने हाच ऑक्साइड मुद्दाम जाड चढविण्याची युक्ती काढली. ज्यास आपण डाग म्हणून घासून काढतो, तेच चिलखत म्हणून त्यांनी धातूस चढविले!

इंजिनात या धातूचा प्रवेश त्याच्या हलकेपणामुळे झाला. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानातील इंजिनाची क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची ओतलेली होती. बिडाच्या मानाने त्याचे वजन एक-तृतीयांशाहून थोडे अधिक, आणि उष्णता वाहून नेण्याची शक्ती कित्येक पट; हवेने थंड होणाऱ्या इंजिनास याहून काय हवे? १९४९ मध्ये नव्या रूपाने आलेल्या आणि १९५५ साली स्थापन झालेल्या एनफील्ड इंडियाने मद्रासेत बांधावयास घेतलेल्या 'बुलेट' गाडीत सिलिंडर बिडाचा, पण त्याचे डोके आणि क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची होती. येथे एक बाब ध्यानात घ्यावी. त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बहुधा बाजूची झाकणेच कापडी चाकावर उजळली जात. क्रँककेस साच्यातून निघाल्याप्रमाणे खरबरीत, राखी ठेवीत. व्हिन्सेंट कंपनीने तर १९४८ च्या 'ब्लॅक शॅडो' गाडीचे इंजिन काळ्या भाजलेल्या रंगाखाली झाकून टाकले, आणि त्या काळ्या इंजिनाचीच कीर्ती झाली. सर्वांगी आरशासारखे इंजिन हे पुष्कळदा मूळ कारागिराचे नव्हे, तर मागाहून आलेल्या हौसेचे अपत्य असते.

म्हणून काही घासूच नये, असे आम्ही म्हणत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली गाडी आणि पणजी-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी यांची गोष्ट एक नव्हे. समुद्राकाठी मिठाने कवच भेदले जाते, पोलादी स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी धरते आणि खाली खड्डे पडतात. ही भुकटी म्हणजे कांती नव्हे, रोग होय. तो काढलाच पाहिजे. पण त्याचा क्रम असावा. प्रथम इंजिनाची सर्व तोंडे बंद करून राकेल व मऊ ब्रशाने तेलाचा मळ काढावा. कॉस्टिक सोडा दूर ठेवावा. तो धातू खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. पोलादी तारेचा काथ्याही नको. त्याचे कण धातूत रुतून पुढे गंजतात. जी झाकणे मूळची उजळ होती, तीच पाण्यात भिजविलेल्या पॉलिशपेपरने घासावी. चारशेपासून हजारापर्यंत चढत जावे, मग कापडी चाक लावावे आणि शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. दोन भाग जेथे मिळतात ती कड चाकाखाली गोल होऊ देऊ नये, नाहीतर तेथून तेल पाझरू लागते. काचेच्या मण्यांचा मारा करून घेतल्यास एकूण एक तेलमार्ग धुऊन काढावा. एक मणी उरला तरी बेअरिंगचा घात होतो.

आता आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने या प्रश्नाचे गांभीर्य. गाडीची ओळख सांगणारा इंजिनाचा क्रमांक पुष्कळ जुन्या गाड्यांवर याच मऊ क्रँककेसवर ठोकलेला असतो, आणि नोंदणीपत्रात तो उतरलेला असतो. फिरते चाक दोन-चार वेळा त्यावरून गेले की आकडे पुसट होतात. पुसट आकड्याकडे पाहणारा अधिकारी मालकाची हौस पाहत नाही. त्यास चोरीचा वास येतो. या खाडाखोडीस आळा बसावा म्हणून ट्रायंफ कंपनीने १९६९ च्या सुमारास क्रमांकाच्या जागी आपल्या नावाचे बारीक ठसे उठविण्यास आरंभ केला. आकडा खरवडला की ठसाही जातो आणि हात उघडा पडतो. आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेले, आणि चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत भरीव फेरफार न होता मूळ रूपात राखलेले वाहन 'व्हिंटेज' ठरते. कायद्याने मान दिला तो मूळ रूपास, लखलखाटास नव्हे.

साक्षीदारास न्हाऊमाखू घालून न्यायासनापुढे उभे करावे, हे योग्यच. पण त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घासून काढल्या, तर तो साक्षीदारच राहत नाही. साच्यातील वाळूची खूण, ओतकामाचा आकडा, कुण्या अनाम फिटरच्या पान्याचा ओरखडा, ही त्या इंजिनाची जबानी आहे. पितळेची समई दर सणाला नवी होते, कारण तिचे काम प्रकाश देण्याचे आहे; जुन्या इंजिनाचे एक काम स्मरण देण्याचेही आहे. म्हणून हातात पॉलिशपेपर घेणाऱ्याने समोरचा थर मीठ आहे की वय, हे आधी ठरवावे. आणि निर्णय होत नसेल, तर संशयाचा फायदा त्या राखी कांतीस द्यावा.