दगड हटल्यानंतर

ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत बाहेर आला की आपला जीव भांड्यात पडतो. अंगावरचा दगड हटला म्हणजे संकटही टळलं, असं आपण धरून चालतो. हा समज किती अपुरा आहे, हे दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या ढिगाऱ्यांनी डॉक्टरांना दाखवून दिलं. मी कविता लिहिणारा माणूस, वैद्यकात माझी गती नाही. पण सुटकेनंतर गाठणाऱ्या मरणाची ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानं लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब टाकू लागली. हॅमरस्मिथ रुग्णालयात तेव्हा एरिक बायवॉटर्स हे जेमतेम तिशीचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्याकडे काही रुग्ण असे आले, की ज्यांचा हात किंवा पाय तुळईखाली कित्येक तास दबलेला होता. ते शुद्धीवर असत, प्रकृतीही बरी दिसे. मग दबलेला पाय टम्म सुजे आणि रक्तदाब कोसळे. रक्तद्रव दिल्यावर रुग्ण सावरे, पण लघवी कमी कमी होत जाई, तिचा रंग गडद तपकिरी होई. साधारण आठवडाभरात मूत्रपिंडं निकामी होऊन तो दगावे. मार्च १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांची हकिगत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. हाच तो ‘क्रश सिंड्रोम’.

मार पायाला आणि मरण मूत्रपिंडाचं, हे कसं? दबलेल्या स्नायूला रक्त मिळत नाही, त्याच्या पेशी मरू लागतात. दगड अंगावर आहे तोवर त्यातली घाण तिथंच कोंडलेली असते. दगड हटतो, रक्त पुन्हा वाहू लागतं आणि तेच रक्त ती घाण शरीरभर नेतं. त्यातलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं. स्नायूला लाल रंग देणारं मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत तुंबतं. शिवाय रक्तातलं पाणी सुजेत मुरतं, त्यामुळे मूत्रपिंडाला पुरेसं रक्तही मिळत नाही.

याची शहानिशा प्रयोगशाळेत झाली. बायवॉटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने सशांना हे रंगद्रव्य टोचून पाहिलं. ज्यांची लघवी आम्लधर्मी होती, त्या सशांची मूत्रपिंडं बिघडली. त्यातून उपायाची वाट दिसली : भरपूर पाणी द्या, आम्लता कमी करा आणि हे लवकर करा.

खरं तर सेइगो मिनामी या जपानी डॉक्टरने १९२३ मध्येच बर्लिनमध्ये हे टिपलं होतं. पहिल्या महायुद्धात मातीखाली गाडले गेलेले तीन सैनिक त्याने अभ्यासले होते. लेख जर्मन भाषेत होता, फारसा कुणी पाहिला नाही. माणसांसारखं ज्ञानही कधी कधी ढिगाऱ्याखाली राहतं आणि त्याची किंमत पुढची पिढी मोजते.

‘लवकर’ म्हणजे किती लवकर, याचं उत्तर १९८२ मध्ये मिळालं. दक्षिण लेबनॉनमधल्या सूर शहरात एक इमारत कोसळली. तिथे दबलेल्या सात जणांना बाहेर काढायच्या आतच शिरेतून सलाईन सुरू करण्यात आलं. सातांपैकी एकाचंही मूत्रपिंड निकामी झालं नाही. याउलट, १९९९ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर चारशेहून अधिक जखमींना डायलिसिसवर ठेवावं लागलं.

आपल्याला हे परकं वाटू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पावसाळ्यात जुन्या इमारती आजही पडतात, आणि शेजारीपाजारीच सर्वांत आधी धावून जातात. धावून जायलाच हवं. पण माणूस तासाहून अधिक काळ दबलेला असेल आणि आग किंवा पुन्हा पडझडीचा धोका नसेल, तर वरचं ओझं हटवण्याआधी डॉक्टर आणि सलाईन तिथे पोचवायला हवं. आणि बाहेर आलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला घरी नेऊ नये, थेट रुग्णालयात न्यावं. जीव भांड्यात पडायला तेवढा वेळ थांबलेलं बरं.