एका गणकयंत्राची निवृत्ती

खंडेनवमीला आपण अवजारांची पूजा करतो. नांगराला हळदकुंकू लागते, तराजूवर झेंडूची माळ चढते. हल्ली तर कचेरीतल्या संगणकापुढेही नारळ फुटतो. परंतु यंत्र कामाला लागताना जेवढा सोहळा, तेवढाच ते कामावरून उतरताना शुकशुकाट! आम्हां यवतमाळकरांना हे ठाऊक आहे. आमच्या लाडक्या ‘शकुंतले’चे मँचेस्टरला १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले. वर्षानुवर्षे ओझे ओढले, हीच त्या इंजिनाची थोरवी.

पण जे यंत्र जेमतेम पाच वर्षे चालले, त्याची थोरवी कशाने मोजावी? असे एक यंत्र मुंबईत होऊन गेले.

डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन् १९५४ साली दाखल झाले. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांपैकी बहुतेकांनी गणकयंत्र कधी हाताळलेलेही नव्हते. त्यांनी आधी एक लहान नमुना उभारला; तो १९५६ च्या अखेरीस चालू झाला. मग पूर्ण यंत्र १९६० साली कामास लागले. रेडिओत असत तसले २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० डायोड, १२,५०० रोधक, असा त्याचा संसार. स्मरणशक्ती मात्र केवळ २,०४८ शब्दांची; आजच्या मोबाइलमधले एक बरे छायाचित्रही तीत मावायचे नाही! त्याला आज्ञा द्यायची ती शून्य आणि एक या दोनच अंकांत. १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले : ‘टिफ्रॅक’.

बारसे झाले, पण काळ थांबला नव्हता. व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर आले होते. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकेहून ‘सी.डी.सी. ३६००’ हे कितीतरी वेगवान यंत्र आले, आणि १९६५ साली टिफ्रॅक बंद करण्यात आले.

कुणी विचारील, तयार यंत्र विकत मिळत असता एवढी वर्षे दवडली कशाला? प्रश्न हिशेबी माणसाचा आहे, आणि त्याला हिशेबानेच उत्तर देता येते. आज एखाद्या कचेरीतला मुख्य संगणक, म्हणजे सर्व्हर, निवृत्त करायचा झाला, तर प्रथम त्याच्या पोटातली माहिती दुसऱ्या यंत्रात उतरवतात, ती नीट उतरली की नाही हे पडताळतात, आणि मगच त्याची वीज तोडतात. टिफ्रॅकच्या बाबतीत उतरवून घ्यायचे धन होते ते विद्येचे, आणि ते यंत्र बंद होण्याआधीच माणसांत उतरले होते. यंत्र कसे रचावे, बिघडले तर दोष कुठे शोधावा, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हे बाजारात विकत मिळत नाही. परदेशी यंत्र दारात आले, तेव्हा त्याला समजून घेणारी माणसे घरात तयार होती.

ज्या १९६५ साली टिफ्रॅक थांबले, त्याच वर्षी ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष झाले नरसिंहन्.

आम्ही शाळामास्तर हे रोज पाहतो. पाटी पुसली जाते, फुटतेही. तिच्यावर गिरवलेला पाढा मात्र पोराच्या ओठांवर राहतो. पाटीची किंमत करायची, ती त्या पाढ्यावरून.