खापा : माग, खाण आणि चरखा

नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या उंच काठावर खापा वसले आहे. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला. १८६७ साली खाप्यात नगरपालिका आली, त्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोहोचली.

गावाचा मुख्य धंदा हातमागाचा. वसाहतवादाने विणकर देशोधडीला लावला, हे विधान आम्ही वर्गात कितीदा तरी केले असेल. खाप्यासारख्या गावापुढे ते अडखळते. रेल्वेमागोमाग विलायती सूत आणि कापड आले, १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तरीही या भागातील कोष्ट्यांचे माग थांबले नाहीत. विणकराने गिरणीचे सूत स्वीकारले आणि रेशीमकाठी लुगड्यावर भर दिला, कारण तसे काठ-पदर यंत्राला सहज साधत नव्हते. मोडला तो चरखा. सूत कातणाऱ्यांत बायकांचे प्रमाण मोठे होते. माग पेठेशी जोडलेला, म्हणून दप्तरात दिसतो. घरातला चरखा बंद पडल्याची नोंद कोण ठेवणार? विणकऱ्यांच्या इतिहासात कातणारी सापडत नाही, हे आम्हांला मूळ विधानातील अतिशयोक्तीपेक्षा अधिक गंभीर वाटते.

दुसरे प्रकरण मॅंगनीजचे. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश संस्था स्थापन झाली. पुढे तिचीच मॅंगनीज ओअर कंपनी झाली. खाप्याजवळची गुमगाव खाण याच पट्ट्यातली. चांदीमुळे मध्य मेक्सिकोतील ग्वानाह्वातोचे नाव युरोपभर झाले. मॅंगनीज मात्र पोलादात विरघळते आणि त्याचे गाव कोणी विचारीत नाही. भूवैज्ञानिक लुईस ले फर्मोर यांनी १९०९ साली भारतातील मॅंगनीजवर बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. येथील एका खडकाला त्यांनी गोंडांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. (प्रवासलेखक पॅट्रिक ले फर्मोर हे त्यांचे चिरंजीव; साहित्याच्या विद्यार्थ्यांना मुलगा ठाऊक असतो, बाप नाही.) गोंडांचे नाव खडकाला मिळाले, खनिजाची मालकी कंपनीकडे राहिली.

१९६२ साली कंपनीची मालमत्ता नव्या 'मॉयल'कडे आली, तरी ४९ टक्के भाग जुन्या कंपनीकडेच होता. तो सरकारने घेतला १९७७ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी.