लोणंदच्या पालखीतळावरील पाहुणे

परक्या देशाची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने त्या देशाचा एखादा जुना उत्सव पाहावा, असे सांगण्याचा प्रघात आहे. आमची मुले स्कॉटलंडात शिकावयास गेली म्हणजे वर्षअखेरचा हॉगमने, २५ जानेवारीची बर्न्स कवीची जयंती, किंवा शेटलंड बेटांवरील लर्विक गावी जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी निघणारी मशालींची मिरवणूक पाहून या, असे त्यांस तिकडील स्नेही सांगतात. तिकडून कोणी पुण्यास आले, तर आम्ही त्यास आषाढीच्या वारीकडे बोट दाखवितो. मागे एका वर्षी अशा काही परदेशी विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही लोणंदच्या मुक्कामास गेलो होतो. त्यांत एडिंबरोची एक मुलगी होती. हा उत्सव किती जुना आहे, आणि यात सर्वांस सारखीच जागा आहे काय, असे दोन प्रश्न तिने आम्हांस विचारले. पहिल्याचे उत्तर इतिहासात मिळाले. दुसऱ्याचे उत्तर शोधीत आम्हांस आमच्याच घरात शिरावे लागले.

लोणंद हे पुणे-मिरज लोहमार्गावरील, कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेले गाव. त्याच्या उत्तरेस नीरा नदी वाहते, आणि तीच पुणे व सातारा या जिल्ह्यांची सीमा होय. आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पादुकांस येथे नीरास्नान घडते. मग पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंदच्या तळावर उतरते. तिथींच्या वृद्धिक्षयाप्रमाणे हा मुक्काम कमीअधिक दिवसांचा होतो. पुढे तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. १९४८ पर्यंत तरडगावचा मुलूख फलटण संस्थानात मोडत असे. म्हणजे इंग्रजी अमलातून निघालेले वारकरी येथून पुढे निंबाळकरांच्या राज्यात शिरत. राज्ये बदलली, वाट बदलली नाही.

तथापि वाट जुनी असली तरी तिच्यावरील सोहळा तितकाच जुना आहे, असे मात्र नव्हे. पंढरीची वारी ज्ञानेश्वरांच्या पूर्वीपासून चालत आलेली आहे, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून ती पंढरीस नेण्याचा क्रम सुरू केला. आज दिसणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या स्वतंत्र सोहळ्याची घडी बसविली ती हैबतबाबा आरफळकर यांनी, १८३२ च्या सुमारास. हे सातारा प्रांतातील आरफळ गावचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे व तंबू दिले. दिंड्यांचा क्रम ठरला. चोपदार नेमले गेले. दरबारात वावरलेल्या या पुरुषाने राजाच्या स्वारीचा सगळा थाट घेतला आणि तो एका संताच्या पादुकांपुढे उभा केला. जेथे राजा बसावयाचा तेथे पादुका बसल्या, एवढाच काय तो फरक. पण तो लहान नव्हे.

हे ऐकून त्या मुलीस मौज वाटली. ती म्हणाली, आमच्याकडेही असेच आहे. स्कॉटलंडचा म्हणून जो चौकड्यांचा पोषाख जगभर ओळखला जातो, त्यास सबंध राष्ट्राच्या पोषाखाची प्रतिष्ठा मिळाली ती १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस आला तेव्हा, आणि त्या समारंभाचे सूत्रधार होते कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट. लर्विकच्या मिरवणुकीस आजचे रूप आले तेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुरातन म्हणून मिरविणाऱ्या उत्सवांची घडी पुष्कळदा आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनीच घातलेली असते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जे माणसांनी घडविले ते माणसांस सुधारता येते, हाच यातला दिलासा.

आम्हांस मात्र तिच्या बोलण्याने किंचित खजील व्हावयास झाले. स्कॉटच्या कादंबऱ्या आम्ही विद्यार्थिदशेत वाचल्या, एडिंबरोच्या किल्ल्याचे वर्णन पाठ होते, आणि आरफळ कोठे आहे हे आम्हांस चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते! मराठ्यांचा पहिला मोठा इंग्रजी इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हाही स्कॉटलंडचाच. १८१८ पासून १८२२ पर्यंत तो साताऱ्यास कारभार पाहत होता. तेथेच त्याने कागदपत्रे जमविली, आणि १८२६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लढाया आहेत, तह आहेत. परंतु संतांस फारशी जागा नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या १९०० सालच्या ग्रंथात संतांस एक प्रकरण दिले. बर्लिनला विद्यार्थिनी म्हणून राहून आलेल्या इरावतीबाई कर्वे स्वतः वारीत चालल्या, आणि ‘वाटचाल’ हा निबंध त्यांनी लिहिला. फ्रान्समधून आलेले गी देलरी हे जेझुइट वारीत सामील झाले; विठोबाच्या संप्रदायावरील त्यांचा ग्रंथ १९६० साली पुण्यात निघाला. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’चे फिलिप एंगब्लॉम यांनी इंग्रजी भाषांतर केले. कागद वाचणाऱ्यांकडून चालणाऱ्यांकडे असा हा प्रवास आहे. इंग्रजी शिकलेल्या आम्हां लोकांस ही वाट जवळजवळ परदेशी विद्यार्थ्यांसारखीच नव्याने शिकावी लागली आहे.

आता दुसरा प्रश्न. ती मुलगी रस्त्याच्या कडेस उभी राहून पाहत होती. इतक्यात डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका म्हातारीने तिचा हात धरला. “अगं माउली, उभी का? चल की!” एवढे बोलून तिने तिला दिंडीत ओढले. सायंकाळी परत आल्यावर मुलीने विचारले, “मला जसे घेतले तसे सर्वांस घेतात काय?” ‘घेतात’ असे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. पण इरावतीबाईंनी जे लिहून ठेवले आहे ते आठवले: एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे एकच अभंग गात, परंतु जेवावयास निरनिराळे बसत, आणि त्याचे त्यांस दुःख झाले. पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींस १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले, हेही आठवले.

आणि त्याहून जवळचे एक आठवले. आमचे आजोळ लोणंदचे. पालखीच्या दिवशी आजी वारकऱ्यांस पिठले-भाकरी वाढी. आलेल्यास ती आधी विचारी, “कुठलं गाव? कुणाची दिंडी?” मग कोणाचे पान ओसरीवर पडे, कोणाचे गोठ्याच्या कडेस, आणि गोठ्याकडील ओंजळींत पाणी वरून ओतले जाई. आजी प्रेमळ होती. कोणी उपाशी परत गेला नाही. आजीच्या त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळला. हे सर्व आम्ही त्या मुलीस सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, लर्विकच्या मुख्य मिरवणुकीतील पथकांत बायकांस प्रवेश मिळावयास २०२३ साल उजाडावे लागले.

त्या रात्री तळावर समाजआरती झाली. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या होत्या आणि हजारो टाळ वाजत होते. चोपदाराने चोप उंच केला आणि एका क्षणात शांतता झाली. या प्रसंगी असा नियम आहे की, ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने टाळ थांबवावयाचे नाहीत. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, आणि मगच आरती होते. हा नियम आम्ही पाहुण्यांस समजावून सांगितला. सांगता सांगता मनात आले, की गोठ्याच्या कडेस बसलेल्यांचे टाळ आमच्या घरात कधी कोणी ऐकले नव्हते. आणि आरती मात्र दरवर्षी होत होती.