साध्या शर्करांचे स्तंभ वर्णलेखन

साध्या शर्करांचे स्तंभ वर्णलेखन ही द्रावणात मिसळलेल्या ग्लुकोज, फ्रुक्टोज यांसारख्या शर्करा एकमेकींपासून वेगळ्या करण्याची पद्धत आहे. तिला कॉलम क्रोमॅटोग्राफी असेही म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी वनस्पतींतील रंगद्रव्ये वेगळी करताना या तंत्राचा पाया घातला. शर्करा रंगहीन असूनही ‘वर्णलेखन’ हे नाव कायम राहिले.

तत्त्व

ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या रेणूंत प्रत्येकी ६ कार्बन, १२ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणू असतात. रेणुभार समान असल्याने त्यांचे विलगीकरण रेणूच्या रचनेतील फरकावर अवलंबून असते. स्तंभात कॅल्शियम आयनयुक्त रेझिनचे सूक्ष्म मणी भरतात. फ्रुक्टोज कॅल्शियमशी सैल बंध जोडते व मागे रेंगाळते. सुक्रोजचा मोठा रेणू मण्यांच्या छिद्रांत फारसा शिरत नाही. त्यामुळे प्रथम सुक्रोज, नंतर ग्लुकोज व शेवटी फ्रुक्टोज बाहेर पडते.

कार्यपद्धती

नमुना गाळून स्तंभाच्या एका टोकाला सोडतात व त्यामागून वायुरहित शुद्ध पाणी वाहते ठेवतात. विश्लेषणासाठी स्तंभाचे तापमान सुमारे ८० ते ८५° सेल्सियस राखतात. बाहेर येणाऱ्या द्रावणाचा अपवर्तनांक सतत मोजून आलेख मिळवतात. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तुलना करून प्रत्येक शर्करेचे प्रमाण काढतात.

साखर उद्योगातील महत्त्व

हिंगोली जिल्ह्यातील वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. कोणत्याही कारखान्यात तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला, तर त्यातील सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. त्यांपासून साखरेचे स्फटिक मिळत नाहीत; साखर उतारा घटतो व मळीत जाणारी शर्करा वाढते. उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी निगडित असल्याने ही घट अखेर शेतकऱ्यालाही भोवते.

कारखान्यात सुक्रोज सामान्यतः ध्रुवणमापकाने मोजतात. सुक्रोजचे विशिष्ट वलन सुमारे +६६.५°, ग्लुकोजचे +५२.७°, तर फ्रुक्टोजचे −९२° असते. उपकरण त्यांची केवळ बेरीज दाखवते. म्हणून शिळ्या उसाच्या रसात ते सुक्रोजचे प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दाखवू शकते. स्तंभ वर्णलेखनात प्रत्येक शर्करा स्वतंत्रपणे मोजली जात असल्याने हा दोष टळतो.

मर्यादा

रसातील क्षार रेझिनमधील कॅल्शियमची जागा घेतात व विलगीकरण हळूहळू बिघडते. त्यामुळे नमुना आधी क्षारमुक्त करावा लागतो आणि स्तंभाचे वेळोवेळी पुनरुज्जीवन करावे लागते.