चिकुनगुन्या विषाणू : जनुकक्रमावरून साथीचा मागोवा

विषाणूच्या जनुकद्रव्यातील घटकांचा क्रम वाचून, निरनिराळ्या स्थळी व काळी मिळालेल्या नमुन्यांमधील फरकांवरून साथीचा उगम, मार्ग आणि वेग यांविषयी अनुमान बांधण्याची पद्धती डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या बाबतीत विशेष फलदायी ठरली असून, भारतापुरते पाहता तिचे सर्वांत बोधप्रद उदाहरण चिकुनगुन्याचे होय.

हा विषाणू १९५२-५३ च्या साथीत तत्कालीन टांगानिकामध्ये प्रथम मिळाला. सुमारे ११,८०० घटकांचा आरएनएचा एकेरी धागा हे त्याचे जनुकद्रव्य. त्याच्या प्रती निघताना होणाऱ्या चुकांपैकी ज्या टिकून राहतात, त्या पसरत्या साथीत वर्षाकाठी ढोबळमानाने चार-पाच भरतात, आणि म्हणून दोन नमुन्यांतील तफावत मोजून त्यांचा समाईक पूर्वज केव्हाचा असावा याचा अदमास करता येतो. मात्र रक्तात विषाणू बहुधा पहिला आठवडाभरच सापडत असल्याने, सांधे धरल्यावर दहा-बारा दिवसांनी दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाचे निदान प्रतिपिंडांवरून होऊ शकते, जनुकक्रम मात्र सहसा हाती लागत नाही. पश्चिम आफ्रिकी, पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी आणि आशियाई अशी या विषाणूची तीन प्रमुख कुळे मानतात.

भारतात हा विषाणू १९६३ साली कलकत्त्यात, त्यानंतर मद्रास व नागपूर येथे आढळला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील १९७३ च्या साथीत गावच्या लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा आजारी पडला. आणि त्यानंतर सुमारे तीन दशके दप्तरात मोठ्या साथीची नोंद नाही. २००५ च्या अखेरीस आंध्र, कर्नाटक व महाराष्ट्रात साथ पुन्हा उसळली आणि २००६ मध्ये संशयित रुग्णांची सरकारी संख्या चौदा लक्षांच्या आसपास गेली. (मृत्यूंचे आकडे वादग्रस्त असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.) जुनाच विषाणू पुन्हा डोके वर काढीत आहे, असे मानण्यास तोवर कोणतीही हरकत नव्हती, परंतु पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत जतन केलेले जुने नमुने व नवे नमुने यांचे क्रम शेजारी ठेवताच जुने आशियाई कुळातले व नवे पूर्व-मध्य-दक्षिण आफ्रिकी (पुढे नुसते ‘आफ्रिकी’) कुळातले असल्याचे दिसून आले. १९६३ ते २००६ या कालखंडाचा हा तौलनिक अभ्यास विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. शीतपेटीत सांभाळलेल्या नमुन्यांचे मोल यावरून ध्यानी यावे. लक्षणांच्या वर्णनावरून हा भेद कधीच कळला नसता.

पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० साली डासांपासून मिळालेला नमुनाही आफ्रिकी कुळाचाच निघाला. म्हणजे हे कुळ मोठ्या साथीपूर्वी पाच वर्षे महाराष्ट्रात येऊन पोचले होते. परंतु ते मधल्या काळात येथेच मुरत राहिले, की केनियाच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये सुरू होऊन कोमोरो व रेयुनियाँ बेटांवर पसरलेल्या साथीबरोबर पुन्हा आले, याचा निवाडा एका नमुन्यावरून करणे धाडसाचे ठरेल.

रेयुनियाँ येथील नमुन्यांत साथीच्या ओघातच एक बदल स्थिरावलेला दिसला. ई-१ या आवरण-प्रथिनातील २२६ व्या स्थानाच्या संकेतात सायटोसीनच्या जागी युरॅसिल येऊन ॲलॅनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन बसले, आणि एवढ्यामुळे एडिस अल्बोपिक्टस या डासाला विषाणूची बाधा पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभतेने होऊ लागली. हाच बदल २००७ मध्ये केरळात आढळला. तेथे रबराच्या मळ्यांत चीक धरण्यासाठी झाडांना बांधलेल्या वाट्यांत पावसाचे पाणी साचून या डासाची पैदास अमाप होते. वंशवृक्षात केरळातील शाखा रेयुनियाँच्या शाखेतून फुटलेली नाही. तोच बदल दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडला. त्याच वर्षी केरळातून गेलेल्या एका प्रवाशानंतर ईशान्य इटलीतील कास्तिल्योने दि चेर्विया व शेजारच्या गावात दोनशेहून अधिक रुग्ण झाले. तेथील विषाणूतही हाच बदल होता.

पुढे हा विषाणू अमेरिका खंडातही पसरला : २०१३ मध्ये कॅरिबियन बेटांवर आशियाई कुळ आढळले, तर २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये आशियाई व आफ्रिकी अशी दोन्ही कुळे.