बाहुली आणि झोपेत अडणारा श्वास
डोळ्याच्या बाहुलीचा झोपेत अडणाऱ्या श्वासाशी काय संबंध, याचा थोडा खुलासा हवा. उजेड पडताच बाहुली आकसते ती परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक) चेतांमुळे. उजेड हटल्यावर पुन्हा मोठी होते ती बरीचशी अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतांमुळे. स्लीप अ‍ॅप्नियात घोरता घोरता श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ अडतो, रक्तातला ऑक्सिजन घटतो आणि अनुकंपी यंत्रणा दरवेळी खडबडून उठते. हा ताण दिवसाही पुरता ओसरत नाही, म्हणून बाहुलीच्या हालचालीत त्याचा माग काढतात. पेंगुळलेल्या माणसाला अंधारात बसवले, तर त्याची बाहुली संथपणे लहानमोठी होत राहते, हेही लक्षणीय. साध्या टॉर्चने मात्र हे नेमके मोजता येत नाही, बाहुलीचा आकार मोजणारा प्युपिलोमीटर लागतो. शिवाय वय, मधुमेह, डोळ्यांत घातलेले थेंब यांनीही बाहुली बदलते. म्हणून स्लीप अ‍ॅप्नियाच्या निदानासाठी झोपेचीच तपासणी करावी लागते.